रात्रीला हजार डॉलर घेणाऱ्या मालदीवला डॉलर का पुरत नाहीत?

आमच्या ऑफिसातला एक सहकारी बायकोला घेऊन मालदीवला जाऊन आला. येताना पाकिटात हजार रुफियाची एक नोट तशीच राहिली. प्लास्टिकची नोट, एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला व्हेल शार्क. सरकारी दराने हिशेब केला तर साडेपाच हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे सोडून देण्यासारखी रक्कम नव्हे. तो दादरच्या एका मनीचेंजरकडे गेला. तिथल्या माणसाने नोट उजेडात धरून कौतुकाने पाहिली आणि काउंटरवरून परत सरकवली. "छान आहे साहेब. पण आम्ही घेत नाही. कोणीच घेत नाही."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्याने विषय काढला. "पाण्यावरच्या खोलीचे रात्रीला पाऊण लाख मोजले मी. एवढा पैसा ओढणारा देश, आणि त्यांची नोट इथे कोणी हातात धरत नाही. वर पेपरात येतं की त्यांच्याकडचे डॉलर संपत आले, भारताने उसने दिले. हे काय गौडबंगाल आहे?"

त्याला समजावण्यात दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. तेच इथे जरा नीट मांडतो.

नोट घरची, भाव डॉलरचा

रुफिया हा आपल्या रुपयाचाच भाऊबंद. शंभर लारींचा एक रुफिया. ही लारीही आपल्याला परकी नाही. इराणातल्या लार गावावरून नाव पडलेलं हे दुमडलेल्या तारेचं चांदीचं नाणं एकेकाळी कोकणच्या बंदरांत चालायचं, विजापूरच्या आदिलशाहीनेही ते पाडलं होतं. नाणं गेलं, नाव मालदीवच्या सुट्ट्या पैशांत उरलं.

त्यांची केंद्रीय बँक म्हणजे मालदीव मॉनेटरी ऑथॉरिटी, १९८१ सालची. आपल्या रिझर्व्ह बँकेची धाकटी बहीण म्हणा. फरक एवढाच की आपल्या रुपयाचा भाव रोज खाली-वर होतो आणि रुफियाचा होत नाही, कारण तो डॉलरच्या दावणीला बांधलेला आहे. १९९४ पासून एका डॉलरला ११.७७ रुफिया, २००१ मध्ये १२.८०. एप्रिल २०११ मध्ये सरकारने दोरी थोडी सैल केली: मध्यावर १२.८५, आणि तिथून वीस टक्के वर किंवा खाली, म्हणजे १०.२८ ते १५.४२. रुफियाने ती सगळी मुभा एकदाच, एकाच दिशेने वापरून टाकली. तो १५.४२ ला जाऊन टेकला आणि तिथेच बसला.

भाव बांधणं म्हणजे वचन देणं. कोणीही १५.४२ रुफिया घेऊन आला तर त्याला एक डॉलर मिळेल, हे ते वचन. ते पाळायचं तर बँकेच्या तिजोरीत डॉलर हवेत. या साठ्याला आपली वर्तमानपत्रं परकीय चलनाची गंगाजळी म्हणतात. गंगाजळीतलं पाणी खाली गेलं की वचन तोंडीच राहतं.

आणि डॉलर लागतात तरी कशाला? जवळजवळ सगळ्याला. सुमारे बाराशे बेटं, त्यातली वस्तीची दोनशेच्या आत, सगळी जमीन मिळून मुंबईच्या निम्मी. माणसं पाच लाखांच्या घरात. घरचं म्हणावं असं नारळ आणि मासे. तांदूळ, पीठ, कांदा, औषधं, सिमेंट, दिवे लावायला लागणारं डिझेल, सगळं जहाजातून येतं. चारी बाजूंनी वाळू असलेल्या या देशाला बांधकामाची वाळूसुद्धा बाहेरून आणावी लागते. आणि हे विकणारा दादरच्या त्या काउंटरवरच्या माणसासारखाच असतो. त्याला रुफिया नको असतो.

आलेला डॉलर उतरतो कुठे?

मित्राचा खरा प्रश्न हा होता. वर्षाला वीस लाखांच्या वर पर्यटक येतात. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट उघडलं तेव्हापासून या देशाने एकच धंदा मन लावून केला. मग डॉलर जातात कुठे?

त्याच्याच पाऊण लाखांचा माग काढू. त्याने घरी बसून वेबसाइटवर खोली घेतली. रिसॉर्ट चालवणाऱ्या अशा कंपन्यांची खाती अनेकदा सिंगापूर, दुबई अशा ठिकाणी असतात. पैसे तिथे जमा झाले. त्यातून खोली बांधायला काढलेल्या परदेशी कर्जाचा हप्ता गेला. दारू, मांस, चीज, टॉवेल, डिझेल, सगळ्याची बिलं बाहेरच्या बाहेर चुकती झाली. खोली आवरणारा बांगलादेशी, स्वयंपाकघरातला श्रीलंकन, हिशेब बघणारा भारतीय, यांनी आपापला पगार घरी धाडला. मालदीवच्या काठावर उतरले ते कराचे, बेटाच्या भाडेपट्ट्याचे आणि स्थानिक नोकरांच्या पगाराचे डॉलर.

गावातल्या मंगल कार्यालयाचं डोळ्यासमोर आणा. लग्न पंचवीस लाखांचं झालं. पण केटरर शहरातला, बँड शहरातला, फुलंही शहरातून आली. गावात राहिलं ते हॉलचं भाडं आणि दोन दिवसांची झाडलोट. पंगतीतून उठणाऱ्याला वाटतं गाव काय श्रीमंत आहे!

हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर पर्यटनावरचा वस्तू व सेवा कर २०२३ मध्ये १६ टक्के आणि जुलै २०२५ मध्ये १७ टक्के झाला. रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री घेतला जाणारा हरित कर २०२५ पासून सहाचा बारा डॉलर झाला. हे कर डॉलरमध्येच भरायचे. पण मोठं पाऊल ऑक्टोबर २०२४ मध्ये पडलं: पर्यटनातून मिळालेलं परकीय चलन देशातल्या बँकांतच जमा करायचं आणि त्यातला काही वाटा सक्तीने रुफियात बदलून घ्यायचा. मोठ्या रिसॉर्टांना हिशेब लावला दर पर्यटकामागे ५०० डॉलर, छोट्या गेस्टहाउसला २५. रिसॉर्टवाल्यांनी बोंब ठोकली, पुढे कायदा करताना थोडी मोकळीक मिळाली, पण तत्त्व राहिलं. लग्न आमच्या हॉलमध्ये लागणार असेल तर पैसे आमच्या गल्ल्यातून जाऊ द्या.

रॉकेलची रांग

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना पुढचं समजावायची गरज नाही. रेशनवर रॉकेलचा एक भाव असायचा आणि बाहेर दुसरा. रेशनच्या भावाने मिळायचं ते महिन्याला मोजून, तेही दुकानदाराने "संपलं" म्हटलं नाही तर. ज्याची दुकानदाराशी ओळख, त्याचा डबा भरलेला.

राजधानी माले शहरात डॉलरचं असंच आहे. बँकेच्या फलकावर १५.४२ लिहिलेलं असतं, पण त्या भावाने सामान्य माणसाला मिळतो तो ठरावीक कोटा. गेल्या काही वर्षांत बाहेरचा भाव सतराच्या पुढे राहिला आणि तंगीच्या महिन्यांत विसाच्या आसपास गेला. आता मालेतल्या एखाद्या शाळामास्तराचा विचार करा. पगार रुफियात. आईला उपचारासाठी तिरुवनंतपुरमला न्यायचं आहे; तिकडची पुष्कळ कुटुंबं यासाठी केरळ गाठतात. दोन हजार डॉलर हवेत. सरकारी भावाने झाले ३०,८४० रुफिया. कोट्यातून समजा पाचशे मिळाले, उरलेले दीड हजार कोणा ओळखीच्याकडून एकोणीसने घेतले, की खर्च ३६ हजारांच्या वर. हा जवळजवळ साडेपाच हजार रुफियाचा फरक कुठल्याही सरकारी आकडेवारीत महागाई म्हणून दिसत नाही. मास्तरला मात्र दिसतो.

दोन भाव असले की मधला माणूस जन्माला येतो. १५.४२ ला डॉलर मिळवण्याची सोय ज्याला आहे त्याने तो एकोणीसला विकायचा, इतका सोपा धंदा. मग ज्याच्याकडे डॉलर आहे तो बँकेत कशाला जाईल? बँकेत येणारा डॉलर आटतो, कोटा आणखी कमी होतो, बाहेरचा भाव आणखी चढतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये हे उघड्यावर आलं. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने एके दिवशी जाहीर केलं की रुफिया खात्यांच्या डेबिट कार्डांवर यापुढे परदेशी चलनात खर्च करता येणार नाही. गहजब झाला, केंद्रीय बँकेने डोळे वटारले, निर्णय त्याच दिवशी मागे घेतला गेला. पण लोकांना जे कळायचं ते कळलं होतं. सप्टेंबरच्या सुमारास देशाची एकूण गंगाजळी ४० कोटी डॉलरच्याही खाली होती, म्हणजे जेमतेम महिना-दीड महिन्याची आयात.

थोडं विषयांतर: जगाला पैसा पुरवणारं बेट

मला या सगळ्यात राहून राहून गंमत वाटते ती कवडीची. आपण "फुटकी कवडी देणार नाही" म्हणतो, "कवडीमोल" म्हणतो; त्या कवडीची मोठी खाण म्हणजे मालदीव. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काझी म्हणून राहिला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की लोक समुद्रातून कवड्या काढतात, आतला जीव सडून जाईपर्यंत खड्ड्यात पुरून ठेवतात, मग बंगालच्या व्यापाऱ्यांना देऊन त्यांच्याकडून तांदूळ घेतात. बंगालात कवडी हाच पैसा होता. भावही तो सांगतो: एका सोन्याच्या दिनारला चार लाख कवड्या, कधी बारा लाखांपर्यंत. विनिमय दराची चंचलता काही आजची नाही.

म्हणजे हा देश समुद्रातून अक्षरशः नोटा वेचत होता आणि त्या देऊन भात खात होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारने कवड्यांत महसूल घेणं थांबवलं आणि ती टांकसाळ बसली. तांदूळ मात्र अजून बाहेरूनच लागतो.

"मग नोटा छापा की!"

डबा खाताना हे वाक्य येणारच होतं. रुफिया हवा तेवढा छापता येतो. डॉलर छापण्याचा हक्क अमेरिकेचा. मालदीवने रुफिया छापले की काय होतं, याचा धडा ताजा आहे. कोविडमध्ये मार्च ते जुलै २०२० देशाची दारं पर्यटकांना बंद होती. त्या वर्षी अर्थव्यवस्था जवळपास एक तृतीयांशाने आक्रसली. सरकारने कायद्यातली अट बाजूला ठेवून केंद्रीय बँकेकडून अब्जावधी रुफियांची थेट उचल घेतली. त्या वेळी दुसरा मार्ग दिसतही नव्हता, त्यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण ते रुफिया लोकांच्या हातात गेले, लोकांनी त्यातून आयातीचा माल मागितला, आणि त्या मालाला डॉलर लागले. डॉलर तेवढेच, त्यामागे धावणारे रुफिया जास्त.

"मग भाव उतरवून मोकळं व्हा"

हा जरा अभ्यासू आक्षेप. पुस्तकात लिहिलेलं असतं की अवमूल्यन केलं, म्हणजे आपल्या चलनाचा भाव मुद्दाम पाडला, की आपला माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त पडतो आणि निर्यात वाढते. तिरुप्पूरच्या बनियनला हे लागू पडेल. मालदीवची खोली मात्र मुळात डॉलरमध्येच विकली जाते. रुफिया उद्या वीसला गेला तरी माझ्या मित्राला ती तेवढ्यालाच पडणार. परदेशी विकला जाणारा टूना, आपला कुपा, त्याचाही भाव डॉलरचा. मच्छीमाराच्या हाती थोडे जास्त रुफिया पडतील, रिसॉर्टचा स्थानिक पगारांवरचा खर्च कमी होईल, काळ्या बाजारातला फायदा आटेल. हे फायदे खरे आहेत.

तोटा मात्र त्याच दिवशी प्रत्येक घरात पोचतो, कारण ताटातलं बहुतेक सगळं आयातीचं आहे. शिवाय सरकारची परदेशी देणी डॉलरमध्ये आहेत. २०२१ मध्ये मालदीवने सुकूक, म्हणजे इस्लामी पद्धतीचे रोखे, विकून ५० कोटी डॉलर उभारले, परतावा ९.८७५ टक्के, मुदत एप्रिल २०२६. रुफिया घसरला की अशा देण्याचा रुफियातला बोजा आपोआप फुगतो. शेजारचं उदाहरणही मालेकरांनी जवळून पाहिलंय. २०२२ मध्ये श्रीलंकेने दोनशेच्या आसपास धरून ठेवलेला रुपया सोडला आणि तो काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पार गेला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. असं चित्र डोळ्यासमोर असताना कुठलं सरकार १५.४२ ला हात लावेल?

माझं मत विचाराल तर दर हे दुखणं नाही, थर्मामीटर आहे. सरकार कमाईपेक्षा जास्त खर्च करतं, पूल, विमानतळ, घरबांधणी सगळं कर्जाने एकदम काढलं, आणि तो खर्च फिरून डॉलरच्या मागणीत उतरतो. थर्मामीटर १५.४२ वर चिकटवून ठेवला आहे, एवढंच.

भारताने दिलेला सिलिंडर

७ ऑक्टोबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीत असताना रिझर्व्ह बँक आणि मालदीवच्या केंद्रीय बँकेत चलन अदलाबदलीचा करार झाला. ४० कोटी डॉलरपर्यंत एक सोय आणि ३,००० कोटी रुपयांपर्यंत दुसरी. व्हॉट्सअॅपवर याचं "आपल्या पैशांची खैरात" असं भाषांतर झालं, म्हणून नीट सांगतो.

रात्री आठला शेजारच्या काकूंचा गॅस संपतो. त्या तुमच्याकडून भरलेला सिलिंडर नेतात आणि आपला रिकामा तुमच्याकडे ठेवतात. त्यांचा नंबर लागला की भरलेला परत येतो, रिकामा परत जातो. अदलाबदल ती हीच. रिझर्व्ह बँक डॉलर देते, बदल्यात तेवढ्या किमतीचे रुफिया ठेवून घेते, मुदत संपली की उलट व्यवहार होतो. फरक इतकाच की काकू व्याज देत नाहीत, मालदीव देतं. रुफिया आपल्याला रिकाम्या सिलिंडरइतकेच उपयोगाचे, पण ठेवून घेतलेले असतात. ही सोय सार्क देशांसाठीच्या चौकटीतली आहे.

४० कोटींचा आकडा त्यांच्या गंगाजळीशेजारी ठेवून पाहा: उसना सिलिंडर घरातल्या सगळ्या गॅसपेक्षा मोठा होता. त्यामुळे ती वेळ निभावली. पण काकूंकडे गॅस का पुरत नाही, हा प्रश्न जिथल्या तिथे.

याखेरीज मालदीव सरकारची ५ कोटी डॉलरची हुंडी, म्हणजे थोड्या मुदतीच्या कर्जाचा कागद, भारतीय स्टेट बँकेने घेतली, तिची मुदत वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी मालेला गेले तेव्हा ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर झालं. मालदीवला रुपयांत दिलेलं हे पहिलंच.

"सगळा व्यवहार रुपयातच करा ना"

भूतान करतो, हे खरं. त्याचं नगुलट्रम रुपयाला एकास एक बांधलेलं आहे, कारण त्याची बहुतेक देवघेव भारताशीच. मालदीवची कमाई चिनी, रशियन, इंग्रज, जर्मन पर्यटकांकडून डॉलरमध्ये होते. त्यांनी रुपये आणायचे कुठून? आपण त्यांना पुष्कळ विकतो आणि त्यांच्याकडून फार थोडं घेतो. भारतीय पर्यटक आणि रुपयांतली कर्जं, एवढेच झरे.

तरी थोडं होऊ शकतं. १९८१ च्या करारानुसार भारत दरवर्षी जीवनावश्यक मालाचा कोटा मालदीवसाठी राखून ठेवतो. २०२४-२५ च्या कोट्यात सुमारे पावणेत्रेचाळीस कोटी अंडी होती आणि ३५ हजार टनांहून जास्त कांदा. तो जाहीर झाला एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे कांद्याची निर्यातबंदी चालू होती आणि लासलगाव सरकारवर धुमसत होतं, तेव्हा. शिवाय त्याच काळात मालदीव भारतीय सैनिकांना घरी पाठवत होता. असा माल रुपयांत घेता आला तर तेवढे डॉलर वाचतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही केंद्रीय बँकांनी रुपया-रुफियात थेट व्यवहारांसाठी समझोता केला तो यासाठीच.

"आपण जाणं बंद केलं की नाक दाबलं जाईल"

२०२४ च्या जानेवारीत हे करूनही पाहिलं. पंतप्रधान मोदींच्या लक्षद्वीपच्या फोटोंवरून वाद झाला, बहिष्काराची हाक आली. २०२३ मध्ये दोन लाखांवर गेलेले भारतीय पर्यटक २०२४ मध्ये एक लाख तीस हजारांच्या आसपास आले. आणि त्याच वर्षी मालदीवने एकूण वीस लाख पर्यटकांचा आकडा ओलांडला. आपली जागा चिन्यांनी भरली. डॉलरची तंगी त्या वर्षी आली हे खरं, पण ती पर्यटक वाढत असताना आली. हॉल दणक्यात चालू आणि गाव उसनवारीवर.

त्या नोटेचं काय झालं, ते राहिलं. मित्राची मेहुणी मध्यंतरी मालदीवला गेली, रिसॉर्टला न जाता एका वस्तीच्या बेटावरच्या गेस्टहाउसमध्ये उतरली. नोट तिच्याकडे दिली होती. दुकानात टी-शर्ट आणि फ्रिजवर लावायचं कासव घेऊन तिने हजार रुफिया पुढे केले. दुकानदाराने नोट घेतली, सुट्टे मोजले, आणि मग आवाज जरा उतरवून विचारलं, "मॅडम, डॉलर नाहीत का?"